प्लेमेकर (फुटबॉल)

प्लेमेकर हा फुटबॉल संघाच्या आक्रमणाची आखणी करणारा खेळाडू होय. मराठी वृत्तपत्रांत त्याचा उल्लेख बहुधा 'आक्रमक मध्यरक्षक', 'चाली रचणारा मध्यरक्षक' किंवा 'सूत्रधार' असा केला जातो. प्रतिस्पर्धी संघाच्या बचावातील फट हेरणे, त्या फटीत धावणाऱ्या सहकाऱ्याला नेमक्या क्षणी चेंडू पुरवणे आणि आपल्या संघाच्या खेळाची गती ठरवणे ही त्याची मुख्य कामे होत. तो स्वतः गोल करू शकतो. मात्र त्याची ओळख प्रामुख्याने इतरांकडून गोल घडवून आणण्यासाठी असते.

प्लेमेकर हे मैदानावरील एखाद्या ठरावीक जागेचे नाव नाही. ती संघातील एक जबाबदारी आहे आणि डावपेच बदलत गेले तसतशी ती वेगवेगळ्या जागांवरील खेळाडूंकडे गेली आहे. भारतात गोवा आणि मुंबई येथील क्लबांच्या यशात या भूमिकेचा वाटा मोठा आहे. तथापि तेथे ही जबाबदारी बहुतेक वेळा परदेशी खेळाडूंकडे सोपवली गेली. मडगावचा ब्रँडन फर्नांडिस हा या बाबतीतील ठळक अपवाद मानला जातो.

संज्ञा

'प्लेमेकर' हा इंग्रजी शब्द मराठीत जसाच्या तसा रूढ झाला आहे. या भूमिकेसाठी निरनिराळ्या देशांत निरनिराळे शब्द असून त्यांतून त्या त्या देशाची खेळाकडे पाहण्याची दृष्टी दिसते. इटलीमध्ये मधली फळी आणि आघाडी यांच्या दरम्यान खेळणाऱ्या सर्जक खेळाडूला 'त्रेक्वार्तिस्ता' म्हणतात. मैदानाचा तीन-चतुर्थांश भाग ओलांडल्यावरच्या पट्ट्यात खेळणारा, असा त्याचा आशय आहे. अर्जेंटिनात त्याला 'एन्गांचे' म्हणजे आकडा किंवा दुवा म्हणतात, कारण तो मधली फळी आणि आघाडी एकमेकींना जोडतो. इटालियन 'रेजिस्ता' या शब्दाचा अर्थ दिग्दर्शक असा असून तो बचावफळीच्या पुढ्यात राहून खेळ चालवणाऱ्या मध्यरक्षकासाठी वापरला जातो.

या भूमिकेचा '१० क्रमांक' असाही उल्लेख होतो. जुन्या पद्धतीत १ ते ११ हे क्रमांक खेळाडूच्या जागेनुसार दिले जात. त्यात ८ हा क्रमांक इनसाइड राइटचा आणि १० हा इनसाइड लेफ्टचा असे. पेले आणि दिएगो माराडोना यांच्या खेळामुळे १० क्रमांकाच्या जर्सीला विशेष प्रतिष्ठा लाभली आणि पुढे तो क्रमांक भूमिकेचेच नाव बनला.

कार्यपद्धती

जागा

प्रतिस्पर्ध्याची बचावफळी आणि त्याची मधली फळी यांच्या दरम्यान जो अरुंद पट्टा उरतो, तो प्लेमेकरचे पारंपरिक कार्यक्षेत्र होय. या पट्ट्यात चेंडू मिळालेल्या खेळाडूमुळे बचावपटूपुढे पेच उभा राहतो. त्याला रोखण्यासाठी बचावपटू पुढे सरसावला, तर त्याच्या पाठीमागे जागा मोकळी होते. तो जागीच थांबला, तर प्लेमेकरला मान वर करून पास निवडण्यास वेळ मिळतो. संघाच्या आक्रमणाचा बराचसा भाग हा पेच पुन्हा पुन्हा निर्माण करण्यावर अवलंबून असतो.

वेळ

चेंडू पायाशी येण्यापूर्वीच निर्णय घेणे हे या भूमिकेचे प्रमुख कौशल्य आहे. त्यासाठी खेळाडू चेंडू येत असताना खांद्यावरून मागे पाहतो आणि कोण कोठे उभा आहे याची नोंद घेतो. तो अंग अर्धवट वळवून उभा राहतो, त्यामुळे पहिल्याच स्पर्शात चेंडू गोलच्या दिशेने वळवता येतो. ज्याला चेंडू घेतल्यानंतर भोवताली पाहावे लागते, त्याच्याभोवती तोपर्यंत दोन प्रतिस्पर्धी जमलेले असतात. म्हणूनच तुलनेने संथ धावणारे खेळाडूही उत्तम प्लेमेकर ठरले आहेत.

पास

बचावफळीच्या मागे सोडलेला पास हे प्लेमेकरचे सर्वांत परिणामकारक साधन होय. त्यात तीन गोष्टी एकाच वेळी साधाव्या लागतात. पहिली म्हणजे दिशा. दुसरी म्हणजे वेग: चेंडू इतका जोरात जाऊ नये की गोलरक्षक तो आधी गाठेल, आणि इतका मंदही असू नये की बचावपटू वळून तो अडवेल. तिसरी म्हणजे क्षण. ऑफसाइडचा निर्णय पास सोडला त्या क्षणी सहकारी कोठे होता यावरून होतो. त्यामुळे धाव आणि पास यांचा मेळ अर्ध्या सेकंदाने चुकला तरी चाल वाया जाते. या कारणास्तव प्लेमेकर आणि आघाडीपटू यांचा दीर्घकाळचा सहवास संघाला विशेष लाभदायक ठरतो.

स्थिर चेंडू

फ्री किक आणि कॉर्नर घेण्याचे काम बहुधा प्लेमेकरकडेच असते. अचूक पास देणाऱ्या पायाला येथे कोणीही अडवत नाही. ज्या संघाला खुल्या खेळात संधी कमी मिळतात, त्याच्या दृष्टीने या कौशल्याचे मोल अधिक असते.

प्रकार

आघाडीलगतचा प्लेमेकर: हा आघाडीपटूच्या मागे खेळतो. ४-२-३-१ या रचनेत पुढच्या तिघांपैकी मधला खेळाडू बहुधा हाच असतो. त्याच्या मागचे दोन मध्यरक्षक बचावाचा भार उचलतात.

खोलवरचा प्लेमेकर: हा बचावफळीच्या पुढ्यात राहून लांब आणि मध्यम अंतराचे पास देतो. समोरचे संपूर्ण मैदान त्याच्या नजरेच्या टप्प्यात असते. इटलीचा आंद्रेया पिर्लो हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

बगलेवरचा प्लेमेकर: हा कागदावर डाव्या किंवा उजव्या बगलेवर असतो, मात्र खेळ सुरू झाल्यावर आत सरकून चाली रचतो. मध्यभागी गर्दी असताना हा मार्ग उपयोगी पडतो.

मागे सरकलेला आघाडीपटू: हा नावाला मध्य आघाडीपटू असतो, परंतु मागे येऊन चेंडू घेतो. त्याच्यामागे जावे की जागा सोडू नये, हा प्रश्न त्याच्यावर नेमलेल्या बचावपटूपुढे उभा राहतो.

इतिहास

१९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम शिथिल करण्यात आला. त्यापूर्वी आक्रमक खेळाडू आणि गोलरेषा यांच्या दरम्यान तीन प्रतिस्पर्धी असणे आवश्यक होते. नव्या नियमाने ही संख्या दोनवर आणली. आघाडीपटूंना मिळालेल्या या मोकळिकीला उत्तर म्हणून संघांनी एक मध्यरक्षक बचावफळीत ओढला. हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनल संघामुळे नावारूपाला आलेल्या 'डब्ल्यू-एम' रचनेत दोन इनसाइड फॉरवर्ड मागे सरकले आणि बचाव व आघाडी यांमधील दुवा बनले. आर्सेनलचा अॅलेक्स जेम्स हा या दुव्याचा आद्य नमुना मानला जातो.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी वेम्बली येथे हंगेरीने इंग्लंडचा ६-३ असा पराभव केला. हंगेरीचा नांदोर हिदेगकुटी ९ क्रमांकाची जर्सी घालून मध्य आघाडीपटू म्हणून उतरला, पण तो सतत मागे सरकत राहिला. त्याच्यावर लक्ष ठेवण्यासाठी नेमलेल्या इंग्लिश बचावपटूला कोठे उभे राहावे हे अखेरपर्यंत उमगले नाही. हिदेगकुटीने त्या सामन्यात तीन गोल केले. जर्सीवरील क्रमांक आणि प्रत्यक्षातील काम यांची फारकत या सामन्याने जगापुढे आणली.

१९८६ च्या विश्वचषकात माराडोनाने पाच गोल केले आणि पाच गोलांना साहाय्य केले. पश्चिम जर्मनीविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याच्यावर कडक पहारा असल्याने त्याला स्वतः गोल करता आला नाही. मात्र २-२ अशी बरोबरी असताना आणि सामना संपण्यास काही मिनिटेच उरली असताना त्याने गर्दीतून होर्हे बुरुचागाकडे पास सोडला आणि त्यावर अर्जेंटिनाचा विजयी गोल झाला. संपूर्ण सामन्यात एखादीच मोकळी संधी मिळाली तरी प्लेमेकर सामन्याचा निकाल बदलू शकतो, याचे हे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही भूमिका आक्रसू लागली. आरिगो साक्की यांच्या एसी मिलान संघाने बचाव, मधली फळी आणि आघाडी यांतील अंतर कमी ठेवून सामूहिक दबाव टाकण्याची पद्धत प्रभावीपणे राबवली. तिचा प्रसार झाल्यावर दोन फळ्यांमधील पट्टा अधिकच अरुंद झाला. शिवाय बचावाच्या कामातून सूट मिळालेला खेळाडू बाळगणे संघांना परवडेनासे झाले. अर्जेंटिनाचा हुआन रोमान रिकेल्मे हा जुन्या पद्धतीच्या प्लेमेकरांच्या अखेरच्या पिढीतील मानला जातो. पुढील काळात केव्हिन डी ब्रुइन याच्यासारखे, भरपूर धावणारे आणि दबाव टाकण्यातही सहभागी होणारे मध्यरक्षक ही जबाबदारी पेलू लागले.

भारतातील प्लेमेकर

हैदराबाद आणि रहीम यांचा कालखंड

भारतीय फुटबॉलच्या यशाचा कालखंड हैदराबादशी जोडलेला आहे. परभणीसह मराठवाड्याचे जिल्हे १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होते. त्याच राज्याच्या राजधानीतील हैदराबाद पोलीस संघाने मुंबईच्या कूपरेज मैदानावर होणारी रोव्हर्स चषक स्पर्धा १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. या संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे १९५० पासून १९६३ मधील आपल्या मृत्यूपर्यंत भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते. जमिनीवरून आखूड पास देत खेळण्यावर त्यांचा भर होता.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवले आणि स्पर्धेत चौथे स्थान मिळवले. या सामन्यात गोव्यातील आसगाव येथे जन्मलेल्या आणि मुंबईत खेळलेल्या नेव्हिल डिसूझा यांनी हॅटट्रिक केली. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारे ते पहिले आशियाई खेळाडू होत. १९६२ मध्ये जकार्ता येथे आशियाई सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कर्णधार चुनी गोस्वामी हे इनसाइड लेफ्ट होते. चेंडूवरील ताबा आणि पास यांमुळे त्यांची गणना भारतातील श्रेष्ठ प्लेमेकरांत होते. सिकंदराबादचे तुलसीदास बलराम हे आत खेळून चाली रचत आणि डाव्या बगलेवरूनही आक्रमण करीत. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरी आणि पेरू यांच्याविरुद्ध भारताचे गोल त्यांनीच केले. या पिढीत आक्रमणाची आखणी भारतीय खेळाडूंच्या हाती होती, कारण राष्ट्रीय संघाला मिळणारे खेळाडू आपापल्या स्थानिक संघांत तेच काम करीत होते.

गोवा

राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा सुरू झाल्यानंतर गोव्यातील क्लबांनी मोठे यश मिळवले. २००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांतील आय-लीगची सर्व विजेतेपदे गोव्याकडे गेली. त्यांपैकी तीन डेंपोने, दोन चर्चिल ब्रदर्सने आणि एक साळगावकरने जिंकले.

प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या डेंपो संघात २००७-०८ आणि २००९-१० या विजेत्या हंगामांत ब्राझीलचा रॉबर्टो मेंडेस सिल्वा, म्हणजेच 'बेटो', हा प्लेमेकर होता. बेटोने चाल रचावी आणि नायजेरियाचा रँटी मार्टिन्स याने ती गोलमध्ये रूपांतरित करावी, असा या संघाच्या आक्रमणाचा गाभा होता. क्लायमॅक्स लॉरेन्स मध्यभागी बचावाची बाजू सांभाळत असे, तर क्लिफर्ड मिरांडा डावी बाजू खेळत असे. बेटो पुढे चर्चिल ब्रदर्सकडे गेला आणि २०१२-१३ मध्ये विजेतेपद मिळवणाऱ्या संघातही होता. साळगावकरच्या २०१०-११ च्या विजेत्या संघात जपानचा मध्यरक्षक र्युजी सुएओका होता.

२०१४ मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. २०१७ मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा एफसी गोवाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या संघात दोन वेगळ्या प्रकारचे प्लेमेकर एकाच वेळी दिसतात. मोरोक्कोचा अहमद जाहू बचावफळीच्या पुढ्यात राहून लांब पास देत असे, तर ह्युगो बूमूस आघाडीलगत खेळत असे. जाहूच्या पासमुळे बूमूसला मोकळ्या जागेत चेंडू मिळे आणि बूमूसच्या पासमुळे फेरान कोरोमिनास म्हणजेच 'कोरो' गोलसमोर मोकळा होई. २०१९-२० च्या साखळी टप्प्यात एफसी गोवाने १८ सामन्यांत ४६ गोल केले आणि प्रथमच देण्यात आलेली लीग विनर्स शील्ड पटकावली. बूमूसने त्या हंगामात ११ गोल केले, १० गोलांना साहाय्य केले आणि तो स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. हंगामाच्या अखेरच्या टप्प्यात लोबेरा यांना पदावरून दूर करण्यात आले आणि संघाची सूत्रे डेंपोचा माजी खेळाडू क्लिफर्ड मिरांडा याच्याकडे आली.

मुंबई

मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली होती. मात्र हा संघ २०१० मध्ये विसर्जित करण्यात आला. पुढे मुंबई सिटी एफसीने शहराला पुन्हा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. लोबेरा, जाहू आणि बूमूस हे तिघेही २०२० मध्ये मुंबई सिटीत आले. २०२०-२१ च्या हंगामात या संघाने शील्ड आणि चषक अशी दोन्ही विजेतेपदे मिळवली. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्डा येथे झालेल्या अंतिम सामन्यात मुंबईने एटीके मोहन बागानवर २-१ अशी मात केली. विजयी गोल बिपिन सिंगने ९०व्या मिनिटाला केला.

स्कॉटलंडचा ग्रेग स्टुअर्ट २०२१-२२ मध्ये जमशेदपूरकडून खेळला. १० गोल आणि १० साहाय्य करून तो त्या हंगामाचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि जमशेदपूरने शील्ड जिंकली. पुढच्या हंगामात तो मुंबई सिटीत आला आणि मुंबईने शील्ड जिंकली. २०२४-२५ मध्ये तो मोहन बागानमध्ये होता आणि शील्ड त्या संघाकडे गेली. फुटबॉल हा सांघिक खेळ असल्याने हे यश एकाच खेळाडूच्या नावावर लिहिता येत नाही. तथापि चार हंगामांत तीन वेगवेगळ्या विजेत्या संघांत एकच प्लेमेकर असणे हे भूमिकेच्या महत्त्वाचे द्योतक आहे.

ब्रँडन फर्नांडिस

ब्रँडन फर्नांडिस याचा जन्म २० सप्टेंबर १९९४ रोजी मडगाव येथे झाला. त्याचे काही प्रशिक्षण दक्षिण आफ्रिकेतील केप टाऊन येथील अकादमीत झाले. २०१७ मध्ये तो एफसी गोवाकडे आला. परदेशी प्लेमेकरांच्या बरोबरीने खेळतानाही त्याने संघात आपले स्थान निर्माण केले. १३ एप्रिल २०१९ रोजी भुवनेश्वर येथे झालेल्या सुपर कपच्या अंतिम सामन्यात एफसी गोवाने चेन्नईयिनला २-१ असे हरवले. त्यात विजयी गोल ब्रँडनचा होता. त्याच वर्षी जूनमध्ये थायलंडमधील किंग्ज कप स्पर्धेत कुरासावविरुद्ध त्याने भारतीय संघात पदार्पण केले.

राष्ट्रीय संघासाठी त्याचे मोल २०२२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत दिसून आले. २०१९ मध्ये या फेरीतील पाच सामन्यांत भारताला केवळ तीन गोल करता आले आणि तिन्हींचा उगम ब्रँडनच्या पायातून झाला. गुवाहाटी येथे ओमानविरुद्ध त्याच्या फ्री किकवर सुनील छेत्रीने गोल केला. कोलकाता येथे बांगलादेशविरुद्ध त्याच्या कॉर्नरवर आदिल खानने हेडरने बरोबरी साधली. दुशान्बे येथे अफगाणिस्तानविरुद्ध भरपाई वेळेत त्याच्याच कॉर्नरवर सेमिनलेन डोंगेलने बरोबरीचा गोल केला. हे तिन्ही गोल स्थिर चेंडूवर झाले. त्यामुळे या नोंदीतून ब्रँडनच्या अचूकतेबरोबरच खुल्या खेळात संधी निर्माण करण्यात भारतीय संघाला येणारी अडचणही दिसते.

२०२१ मध्ये एफसी गोवा हा एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गट साखळीत खेळणारा पहिला भारतीय संघ ठरला. २० एप्रिल २०२१ रोजी इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध ब्रँडनच्या फ्री किकवर एदू बेदियाने हेडरने गोल केला. या गट साखळीतील भारतीय क्लबचा तो पहिला गोल होता. सामना मात्र एफसी गोवाने १-२ असा गमावला. २०२४ मध्ये ब्रँडन मुंबई सिटीत दाखल झाला.

परदेशी खेळाडूंची मर्यादा

मध्य आघाडीपटू, मध्य बचावपटू आणि प्लेमेकर या जागांवर परदेशी खेळाडू उतरवण्याकडे भारतीय क्लबांचा कल राहिला आहे. सामन्याचा निकाल ज्या जागांवर सर्वाधिक अवलंबून असतो त्या जागांसाठी तयार आणि अनुभवी खेळाडू घेणे, हा क्लबच्या दृष्टीने व्यवहार्य निर्णय असतो. त्याचा परिणाम असा होतो की सर्जक भारतीय मध्यरक्षकाला बगलेवर किंवा बचावात्मक जागेवर खेळावे लागते अथवा राखीव खेळाडूंत बसावे लागते. क्लबमध्ये वर्षभर जे काम करायला मिळत नाही, तेच राष्ट्रीय संघाच्या सामन्यात त्याच्याकडून अपेक्षिले जाते.

इंडियन सुपर लीगच्या प्रारंभी एका संघाचे सहा परदेशी खेळाडू एकाच वेळी मैदानावर असू शकत. २०१७-१८ पासून ही संख्या पाच आणि २०२१-२२ पासून चार करण्यात आली. मर्यादा घटल्यानंतरही निर्णायक जागांचे वाटप फारसे बदलले नाही, कारण उरलेल्या चार जागांतही प्लेमेकरची जागा बहुधा राखून ठेवली जाते. २०२४-२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत स्पर्धेतील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार केवळ दोन भारतीयांना मिळाला. २०१७-१८ मध्ये तो सुनील छेत्रीला आणि २०२२-२३ मध्ये मुंबई सिटीच्या लालियानझुआला छांगटेला मिळाला. यांपैकी पहिला आघाडीपटू असून दुसरा बगलेवर खेळतो.

परदेशी प्लेमेकरांची दुसरी बाजूही विचारात घेतली जाते. त्यांच्यासोबत रोजचा सराव केल्याने भारतीय खेळाडूंना धाव कधी सुरू करावी आणि चेंडू कोठे मिळेल याची समज येते. बेटोसोबत खेळलेला क्लिफर्ड मिरांडा पुढे प्रशिक्षक झाला आणि ब्रँडनची जडणघडण जाहू व बूमूस असलेल्या संघात झाली, ही या मताच्या समर्थनार्थ देता येणारी उदाहरणे होत.

शालेय फुटबॉल आणि मैदाने

महाराष्ट्रातील शालेय फुटबॉल स्पर्धा जिल्हा, विभाग आणि राज्य अशा टप्प्यांनी होतात. १९६० मध्ये सुरू झालेली सुब्रतो मुखर्जी चषक ही राष्ट्रीय शालेय स्पर्धा असून तिच्यात सतरा वर्षांखालील मुला-मुलींचे गट आहेत. या स्पर्धांच्या प्राथमिक फेऱ्या मुख्यतः पावसाळ्यात होतात.

प्लेमेकर घडण्याचा मैदानाशी थेट संबंध आहे. परभणी जिल्ह्यासारख्या गोदावरी खोऱ्यातील भागांत काळी कसदार माती आढळते. शेतीला पोषक असलेली ही माती पावसाळ्यात चिकट होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. ओल्या मैदानावर जमिनीवरून दिलेला पास मध्येच अडतो, तर कोरड्या मैदानावर चेंडूची उसळी अनियमित होते. अशा स्थितीत चेंडू उंच आणि लांब मारणे संघाला सोयीचे वाटते. मग चेंडू मधल्या फळीच्या डोक्यावरून जातो आणि उंच किंवा वेगवान मुलांना प्राधान्य मिळते. ज्याची मुख्य शक्ती नजर आणि पास ही आहे, तो विद्यार्थी निवडीत मागे पडण्याची शक्यता वाढते.

यावर प्रशिक्षक लहान जागेतील खेळाचा उपाय सुचवतात. चार किंवा पाच जणांचे संघ करून आखूड मैदानावर किंवा सिमेंटच्या अंगणातही सराव करता येतो. लहान जागेत प्रत्येकाच्या वाट्याला चेंडू अधिक वेळा येतो आणि निर्णयासाठी वेळ कमी मिळतो. 'चेंडू मिळण्यापूर्वी मागे पाहा' किंवा 'दोन स्पर्शांत पास द्या' यांसारख्या अटी घातल्यास प्लेमेकरला लागणाऱ्या सवयी वेगळ्या साहित्याशिवाय अंगवळणी पडतात.

महाराष्ट्रात कोल्हापूर येथे स्थानिक फुटबॉलची परंपरा विशेष बळकट आहे. पाटाकडील, खंडोबा आणि दिलबहार यांसारख्या तालीम मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर मोठ्या प्रेक्षकसंख्येपुढे खेळतात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला आघाडीपटू अनिकेत जाधव हा मूळचा कोल्हापूरचा आहे. या स्पर्धेचे काही सामने नवी मुंबई येथे झाले होते.

मूल्यमापन

प्लेमेकरची कामगिरी प्रामुख्याने साहाय्यांच्या म्हणजे असिस्टच्या संख्येने मोजली जाते. ही मोजणी सोपी असली तरी अपुरी आहे. उत्तम पास मिळूनही आघाडीपटूने संधी दवडली तर साहाय्याची नोंद होत नाही. उलट साधा आडवा पास मिळालेल्या सहकाऱ्याने दुरून गोल केला तर ती होते. गोलच्या आधीचा दुसरा किंवा तिसरा पास, ज्याने बचाव प्रत्यक्षात फुटला, तो या मोजणीत येतच नाही. म्हणून आता संधी निर्माण करणाऱ्या पासांची संख्या आणि त्या संधीतून गोल होण्याची संभाव्यता यांचाही विचार केला जातो. मोकळ्या जागेत सरकून बचावपटूला आपल्यामागे ओढून नेणे यासारखे काम मात्र आकड्यांत पकडणे अवघड असते.

सद्यःस्थिती

आधुनिक डावपेचांत प्लेमेकरचे काम अनेक खेळाडूंत वाटले गेले आहे. बचावपटू लांब पास देतात, बगलेवरचे बचावपटू मध्यभागी सरकून चाली रचतात आणि गोलरक्षकही आक्रमणाचा आरंभ करतो. प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू तत्काळ हिसकावण्याची सामूहिक पद्धत कोणत्याही प्लेमेकरपेक्षा अधिक संधी मिळवून देते, असे मत जर्मन प्रशिक्षक युर्गेन क्लॉप यांनी मांडले होते. चेंडू हिसकावला गेल्यानंतरच्या क्षणी बचाव विस्कळीत असतो आणि गोल जवळ असतो, हे या मतामागील कारण होय.

असे असले तरी संपूर्ण संघ मागे खेचून बचाव करणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे ही पद्धत अपुरी पडते, कारण तेथे हिसकावण्यासाठी चेंडूच प्रतिस्पर्ध्याकडे नसतो. तेव्हा गर्दीतून वाट काढणारा पास कोणाला तरी द्यावाच लागतो. भारतीय राष्ट्रीय संघात परदेशी खेळाडू नसल्याने ही जबाबदारी भारतीय मध्यरक्षकावरच येते, आणि ती पेलणारे खेळाडू क्लब व शालेय पातळीवरच तयार व्हावे लागतात.